पावणेतेरा लिटर उकळतं पाणी

दुसऱ्याच्या घरात झालेला अपघात हा खरंच अपघात होता की घरातल्यांचा निष्काळजीपणा, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. विमा कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर बसून गेली बावीस वर्षं मी लोकांच्या फुटलेल्या नळांवर, जळालेल्या पडद्यांवर आणि घसरून पडलेल्या मावश्यांवर शेरे मारत आलो आहे. 'साधी काळजी घेतली असती तर टळले असते' हा माझा लाडका शेरा. तेव्हा आमच्या हॉलमध्ये जे घडलं ते मी घडलं तसं सांगतो. शेरा तुम्ही मारा.

सासरे आमच्याकडे सहा आठवड्यांसाठी आले ते गुडघे धरले म्हणून. डॉक्टरांनी त्यांना तपासून सांगितलं, की रोज सकाळी वीस मिनिटं गुडघ्यापर्यंत पाय कोमट पाण्यात सोडून बसा. दुसरा कुणी असता तर 'बरं' म्हणून उठला असता. सासऱ्यांनी विचारलं, "कोमट म्हणजे किती?" बाहेर बाकावर नऊ पेशंट खोकत होते. डॉक्टर म्हणाले, "चाळीस अंश धरा."

डॉक्टरांनी ते जाता जाता म्हटलं असावं, पण सासऱ्यांनी ते लिहून घेतलं. त्यांनी छत्तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं आहे. त्यांच्यापुढे 'साधारण', 'जवळजवळ', 'अंदाजे' असे शब्द उच्चारले की ते चष्मा काढतात आणि समोरच्याकडे नुसतं बघत राहतात. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण नववीत मी त्यांच्याच वर्गात होतो. गरम आणि गार पाण्याच्या मिश्रणाच्या गणितात त्यांनी मला दहापैकी चार मार्क दिले होते. पुढे त्याच माणसाने मला मुलगी दिली, हे शास्त्राला न सुटलेलं कोडं आहे. जावई होऊन इतकी वर्षं झाली, तरी मी त्यांना 'सर'च म्हणतो.

पहिल्याच दिवशी बायकोने मला स्वयंपाकघरात घेतलं आणि दार लोटलं.

"हे बघा, गुडघे हे निमित्त आहे," ती म्हणाली. "इथे करमलं तर बाबा कायमचे राहतील. तिकडे ते तिसऱ्या मजल्यावर एकटे असतात. दोनदा फोन वाजून त्यांनी उचलला नाही, की मी त्यांच्या शेजाऱ्यांना फोन लावत बसते. त्यांना परत जायला कारण हवंच आहे. ते कारण आपल्या घरातून मिळता कामा नये."

"माझ्याकडून नाही मिळणार," मी म्हणालो.

"पाणी चाळीस असलं पाहिजे."

"असेल."

हे मी ज्या सहजपणे म्हणालो, त्याची मला आज गंमत वाटते.

आमच्या बाथरूममधला गिझर म्हणजे तीन लिटरची पेटी. तिच्यातून एक बादली भरेपर्यंत आधी पडलेलं पाणी निवतं. शिवाय दोन पाय गुडघ्यापर्यंत बुडवायचे म्हणजे बादली कामाची नाही. बादलीत एका वेळी एकच पाय मावतो. दोन बादल्यांत दोन पाय असा प्रयोग मी करून पाहिला. थर्मामीटर बुडवून सासरे म्हणाले, "डाव्या पायाला एकोणचाळीस आणि उजव्याला बेचाळीस आहे. सरासरी काढून उपयोग नाही, पाय वेगवेगळे आहेत." मग कपडे भिजवायचा प्लास्टिकचा टब आणला. चौथ्या दिवशी तो बुडाशी तडकला आणि हॉलमधलं पाणी जिन्यावरून खाली निघालं.

त्या पाण्याचा माग काढत खालच्या मजल्यावरचे काका वर आले. इमारतीत त्यांना सगळे 'अनुभवी' म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव असा' इथून सुरू होतं. ते आत आले, चपला काढायच्या ऐवजी विजार वर धरून हॉलभर फिरले आणि म्हणाले, "माझा अनुभव असा, की प्लास्टिकवर विश्वास ठेवू नये. लोखंडी टब घ्या. जन्माचं काम होतं. भंगारवाल्याकडे एक पडलाय. जुन्या हॉटेलातला आहे, अस्सल ओतीव."

अनुभवी माणसाचा सल्ला ऐकायचा नाही असं मी दर वर्षी ठरवतो. तरी संध्याकाळी मी भंगारवाल्याकडे गेलो. टब खरोखरच अस्सल होता. आतून पांढरा, बाहेरून काळा, आणि खाली सिंहाच्या पंजांचे चार पाय. भंगारवाला म्हणाला, शंभर किलो आहे. मला वाटलं तो माल खपवायला फुगवून सांगतोय. चार हमाल तो जिन्यावरून आणताना ज्या भाषेत बोलत होते त्यावरून कळलं, की त्याने थोडं कमीच सांगितलं असावं. बाथरूमच्या दारातून टब आडवा जाईना आणि उभा वळेना. शेवटी हमालांनी तो हॉलच्या मधोमध ठेवला, पाणी प्यायले आणि निघून गेले. सोफ्यासमोर सिंहाच्या पंजांवर उभ्या असलेल्या त्या टबाभोवती बायकोने एक फेरी मारली.

"पडदा लावता येईल," मी म्हणालो.

"कुठे लावणार? तुमच्या तोंडावर?" ती म्हणाली.

आता माझ्या हातात मोठं भांडं होतं आणि गणित सोपं होतं. नळाचं पाणी वीस अंश. उकळतं शंभर अंश. तिथे मोजायचीही गरज नाही, ते स्वतःच बुडबुडे काढून सांगतं. दहा लिटर उकळतं आणि तीस लिटर गार मिसळलं की चाळीस लिटर पाणी होतं, बरोबर चाळीस अंशांचं. हे मी कागदावर तीनदा केलं, आणि तो कागद सासऱ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला. नववीतल्या चार मार्कांचा हिशेब चुकता करण्याची अशी संधी माणसाला एकदाच मिळते.

सकाळी मी पाणी ओतलं. सासऱ्यांनी प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून मागवलेला थर्मामीटर टबात सोडला. सगळे वाकून पाहत होतो. लाल रेघ चढली, चढली आणि छत्तिसाच्या जरा अलीकडे थांबली.

"थर्मामीटर बिघडलाय," मी म्हणालो.

सासऱ्यांनी चष्मा काढला.

"तू गरम पाण्याची उष्णता कुणाकुणाला वाटलीस?"

"गार पाण्याला."

"आणि?"

नववीतला तोच बाक, तीच खिडकी माझ्या डोळ्यांपुढे आली. "भांडं," मी पुटपुटलो.

"भांडं. शंभर किलो लोखंड रात्रभर गार पडलंय, ते काय उपाशी बसेल? ते आधी स्वतःचा वाटा घेणार, मग उरलेलं पाण्याला. तुझ्या या टबाला अकरा लिटर पाण्याइतकी उष्णता लागते. त्या दिवशीही तू भांडं सोडलं होतंस." इतकं बोलून त्यांनी माझाच कागद उलटा केला आणि खाली उत्तर लिहिलं. पावणेतेरा लिटर उकळतं, सव्वासत्तावीस लिटर गार.

दुसऱ्या दिवसापासून पाणी चाळीसला चाळीस येऊ लागलं. मी मापाचा एक लिटरचा मग घेतला, पाऊण लिटरची खूण त्यावर खिळ्याने कोरली आणि सकाळी सहाला पंधरा लिटरचं पातेलं गॅसवर चढवू लागलो. सासरे खुर्चीत बसत, पाय टबात सोडत आणि वर्तमानपत्र वाचत. कधी कधी मला एखादी बातमी वाचून दाखवत. बायको दारातून पाहून जाई आणि तिचा चेहरा दोन इंच सैल झालेला असे. एकूण आमच्या घरात पाणी ही इतकी शास्त्रशुद्ध गोष्ट झाली, की त्यात हात घालून पाहणं हा अडाणीपणा ठरला. मोजल्यावर हात कशाला? माझं हे वाक्य मला फार आवडायचं. ते मी ऑफिसातही दोनदा वापरलं.

आणि मग नोटीस आली.

इमारतीच्या सचिव बाई दुपारी शिवण शिकवतात आणि उरलेला वेळ नियम पाळतात. अनुभवींनी त्यांना सांगितलं होतं, की माझा अनुभव असा, वर शंभर किलो लोखंड आणि चाळीस लिटर पाणी असलं की खालच्या माणसाला जेवण जात नाही. टब घ्यायला त्यांनीच सांगितलं होतं याची मी आठवण दिली. ते म्हणाले, "मी घ्या म्हणालो, हॉलमध्ये ठेवा म्हणालो नाही." सचिव बाईंनी मला एक फॉर्म दिला. अवजड वस्तू ठेवण्याच्या परवानगीचा फॉर्म तयार नव्हता, म्हणून पाळीव प्राण्यांचा दिला. 'जात', 'वय' आणि 'चावतो काय' हे रकाने मी भरून दिले. चावतो काय या रकान्यात 'नाही, पण पंजे आहेत' असं मी लिहिलं. हा विनोद तिथे करायला नको होता.

दोन दिवसांनी फलकावर नोटीस लागली. 'दुसऱ्या मजल्यावरील पाहुण्यांच्या पायांमुळे इमारतीस धोका संभवतो. शनिवारी इंजिनिअर येऊन पाहणी करतील.' बाईंचा हेतू वाईट नव्हता. टब कशासाठी आहे, ते त्यांनी थोडक्यात लिहिलं होतं इतकंच. पण सासरे खाली फेरी मारायला गेले होते, त्यांनी ती वाचली. वर आले, सोफ्यावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "माझ्या पायांनी इमारत पडणार असेल तर मी रविवारी घरी जातो."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर तिने माझ्याकडे अशा नजरेने दोनदाच पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती.

"बाबा, अजून तीन आठवडे आहेत," ती म्हणाली.

"गुडघे आता बरे आहेत. तिकडचं घर बंद पडलंय." त्यांनी बॅग काढून पलंगावर ठेवली आणि तीत पुस्तकं भरायला घेतली.

स्वयंपाकघरात बायको रडली. ओढणीने डोळे पुसत म्हणाली, "शनिवारी त्या इंजिनिअरकडून लेखी घ्या. टब राहू शकतो असं लेखी. कागद दाखवला की बाबा ऐकतील. त्यांना कागदावरचंच पटतं." मला तिचं खरंच वाईट वाटलं. ती एरवी माझ्याकडे काही मागत नाही, आणि जे मागते ते मी विसरतो. या वेळी मी विसरणार नव्हतो.

शुक्रवारी संध्याकाळी अनुभवी पाहणीची पाहणी करायला वर आले. सासरे फिरायला गेले होते. टबात सकाळचंच पाणी होतं. "माझा अनुभव असा," ते म्हणाले, "की पाणी ढवळल्याशिवाय खरं माप कळत नाही," आणि त्यांनी थर्मामीटरनेच पाणी ढवळलं. तो लोखंडावर आपटला आणि दोन तुकडे झाले. दुकान सोमवारपर्यंत बंद होतं.

"हरकत नाही," मी सासऱ्यांना आल्यावर सांगितलं. "गणित आहे ना. पावणेतेरा आणि सव्वासत्तावीस. तीन आठवड्यांत एकदाही चुकलेलं नाही."

त्यांनी थर्मामीटरचे दोन तुकडे जुळवून पाहिले. नंतर म्हणाले, "नक्की?"

"सर, आता मी भांडं धरतो."

शनिवारी सकाळी मी टबात गार पाणी मोजून घातलं, पातेलं गॅसवर चढवलं आणि इंजिनिअरला रस्ता दाखवायला खाली गेलो. इंजिनिअर आठला येणार होते. ते पावणेनऊला आले. तोवर मी, सचिव बाई आणि अनुभवी फाटकाशी उभे राहून, भिंतीला पडलेली एक चीर टबाच्या आधीची की नंतरची यावर बोलत होतो. चिरेत पिंपळाचं रोप चांगलं वीतभर वाढलं होतं, पण अनुभवींचं म्हणणं होतं की हल्ली रोपं लवकर वाढतात.

आम्ही वर आलो. बायकोने पाहुण्यांना आधी बाथरूमकडे नेलं, म्हणजे टब तिथे का जात नाही हे दारासकट दाखवता येईल. मी स्वयंपाकघरात गेलो. पातेलं उकळत होतं. मी मग घेतला आणि मोजून बारा आणि पाऊण ओतलं.

आता इथे जे कळायला हवं होतं ते मला कळलं नाही. मी खाली असताना पाणी उकळलं होतं. ते आटून वाया जाईल म्हणून बायकोने माझ्याच मगाने, माझ्याच खुणेने, पावणेतेरा लिटर टबात घातलं होतं. मग भांडी धुवायला लागेल म्हणून तेच पातेलं पुन्हा भरून ठेवलं होतं. तिने काहीच चुकीचं केलं नव्हतं. टबातलं पाणी नेहमीपेक्षा चांगलं वर आलेलं होतं, त्यातून वाफ निघत होती. पण मी पाण्याकडे पाहिलंच नाही, मी मगाकडे पाहत होतो. माझं सगळं लक्ष पाऊण लिटरच्या खुणेवर होतं.

सासरे आले, खुर्चीत बसले आणि विजार दुमडली.

"चाळीस?"

"चाळीस, सर."

त्यांनी पाय आत सोडले आणि वर्तमानपत्र उघडलं.

तेवढ्यात मंडळी बाथरूममधून हॉलमध्ये आली. इंजिनिअर जमिनीवर टिचक्या मारू लागले. सचिव बाई वहीत लिहू लागल्या. अनुभवी टबापाशी गेले आणि म्हणाले, "माझा अनुभव असा, की कोमट पाण्याला वजन—" आणि त्यांनी दोन बोटं पाण्यात बुडवली.

"आई गं!"

त्यांनी बोटं बाहेर काढून झटकली आणि तोंडात घातली. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत होतो. सासऱ्यांनीही वर्तमानपत्र जरा खाली केलं आणि सौजन्याने विचारलं, "काय झालं?"

त्यांचे पाय पाण्यात होते. चेहरा अगदी स्वस्थ होता. आणि गुडघ्याखाली, पाण्याच्या रेषेपासून, कातडी लालभडक झाली होती.

मी कसा धावलो ते मला आठवत नाही. मी त्यांचे दोन्ही पाय धरून बाहेर ओढले, खुर्ची मागे कलंडली, ती इंजिनिअरांनी धरली. बायको गार पाण्याच्या बादल्या आणत होती, मी ओतत होतो. सचिव बाई वही फेकून जमिनीवर बसल्या आणि एका पायावर मगाने पाणी धरू लागल्या. अनुभवी प्रथमच अनुभव न सांगता नळाखाली बादल्या भरत होते. वीस मिनिटं आम्ही पाणी घालत राहिलो. हॉलमधलं पाणी पुन्हा जिन्यावरून खाली गेलं आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

"बाबा, भाजलं नाही का तुम्हाला?" बायको म्हणाली. "इतकं कढत होतं. कळलं नाही?"

सासरे आमच्या डोक्यांवरून खिडकीकडे बघत होते. 

"नाही कळत," ते म्हणाले. "दीड वर्ष झालं. आधी तळव्यांना कळेना, मग वरपर्यंत. बोटांनाही आता नीट सांगता येत नाही. मागच्या थंडीत घरी गरम पाण्याच्या नळाखाली उभा राहिलो होतो. संध्याकाळी मोजा काढला तेव्हा मोज्याबरोबर कातडी आली, तेव्हा कळलं." त्यांनी चष्मा काढला, पण या वेळी कुणाकडे बघायला नाही. "म्हणून अंश लागतात. दुसरं काही माझ्यापाशी उरलेलं नाही."

"डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी गुडघ्यांबद्दल विचारलं होतं."

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू मला परत जाऊ दिलं नसतंस." मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "गणित बरोबर होतं तुझं. त्याला दोष देऊ नकोस."

ते असं म्हणाले हे मला त्या दिवशी फार लागलं. मी ज्याला हट्ट समजत होतो ती भीती होती. हा माणूस तीन आठवडे रोज सकाळी मी मोजलेल्या पाण्यात पाय सोडत होता, आणि मी त्या पाण्यात एकदाही बोट घातलं नव्हतं. त्यांचे दहापैकी चार मार्क मला त्या क्षणी उदार वाटले.

डॉक्टरांनी पाय पाहिले. फोड आले नाहीत, चार दिवसांत लाली जाईल म्हणाले, आणि मग सासऱ्यांना असं झापलं, की नववीतली आमची अख्खी तुकडी ते ऐकायला हवी होती. पाय बुडवून बसणं कायमचं बंद. आंघोळीचं पाणीसुद्धा दुसऱ्या माणसाने पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही.  घरी येऊन सासऱ्यांनी बॅगेतली उरलेली जागा शर्टांनी भरली आणि चेन लावली.

संध्याकाळी सचिव बाई स्वतः वर येऊन इंजिनिअरांचा कागद देऊन गेल्या. त्यावर शिक्का मारून लिहिलं होतं, की टब हॉलमध्ये ठेवण्यास कोणताही धोका नाही. बायकोने तो वाचला, घडी घातली आणि कुठे ठेवावा हे न सुचून हातातच धरून बसली. त्याचा आता काही उपयोग नव्हता.

रविवारी सकाळी बॅग दाराशी होती. मी गाडीची वेळ पाहून ठेवली होती, कारण कुणीतरी ते करायला हवं होतं. बायको ओट्यापाशी पाठ करून उभी होती आणि आधीच घासलेला ओटा पुन्हा घासत होती. सासरे टॉवेल घेऊन आंघोळीला गेले. बाथरूमचं दार लागल्याचा आवाज आला नाही. बादलीत पाणी पडण्याचा आवाज आला, मग नळ बंद झाला, आणि मग बराच वेळ काहीच नाही.

"अरे," आतून हाक आली. "जरा इकडे ये."

मी गेलो. ते बादलीपाशी उभे होते. टॉवेल खांद्यावर, नजर पाण्यावर.

"हात घालून बघ," ते म्हणाले.

मी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला. पाणी छान होतं. अंगावर घ्यावंसं वाटेल असं, थोडं गरमच, पण चटका न देणारं. किती अंश ते मला सांगता आलं नसतं, आणि शब्दही एकच आठवत होता, जो त्यांच्यासमोर वापरायची मला नववीपासून भीती होती.

"कोमट आहे, सर."

त्यांनी मान डोलावली.

"बरं," ते म्हणाले. "उद्यापासून साडेसहाला येत जा. सातला मला उशीर होतो."